व्हाइटनर वाळेपर्यंत

जूनमधली दुपार होती आणि पाऊस तिरका लागला होता. बेळगावात, टिळकवाडीतल्या त्या झेरॉक्सच्या दुकानात पाच माणसं उभी राहिली की सहावा अर्धा बाहेर भिजतो. मी तो सहावा. आधारकार्डाच्या दोन कॉप्या, एवढंच काम. आत मशीनची ऊब, टोनरचा जळकट वास, काउंटरखाली ओल्या छत्र्यांचं साचलेलं तळं. दुकानदारानं कुणाचं तरी भिजलेलं मार्क्स कार्ड मशीनच्या गरम झाकणावर वाळत टाकलं होतं आणि तव्यावरची भाकरी उलटावी तसं तो ते मधूनच उलटत होता. माझ्यापुढं एक मुलगी आणि तिची आई. आईच्या हातात साडीच्या दुकानाची जाड पिशवी, त्यात सगळी ‘ओरिजनल’. मुलीनं कॉलेजचा छापील फॉर्म काउंटरच्या कडेला ठेवला होता आणि बराच वेळ ती एकाच ओळीवर पेन धरून थांबली होती.

“काका, तुम्ही इथलेच काय?” आईनं मला विचारलं. होय म्हणालो. “मग सांगा की हिला जरा. सकाळधरनं नुसतं विचारूलालीय, काय घालू, काय घालू. मला काय कळतंय त्यातलं!”

ऐच्छिक विषयांचे तीन रकाने होते. पहिल्यात हिस्ट्री, दुसऱ्यात सोशिऑलॉजी. तिसऱ्यात इंग्रजी मोठ्या लिपीत एम, ए, आर एवढी तीन अक्षरं लिहून झालेली. “मराठी लिहू काय, काका?” तिनं वर न बघताच विचारलं. मी विचार केला नाही. खरोखर केला नाही. “मराठी कशाला? इकॉनॉमिक्स घाल,” म्हणालो आणि वर शहाणपणा म्हणून जोडलं, “मराठी काय, घरात येतंयच की.” आईच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. मुलीनं दुकानदाराकडून व्हाइटनरची बाटली मागून घेतली. ब्रश बाटलीच्या कडेला दोनदा पुसून त्या तीन अक्षरांवरून फिरवला आणि वाकून फुंकर घालू लागली. पावसाळ्यात ते लवकर वाळत नाही. माझ्या कॉप्या निघाल्या, मी पैसे दिले, छत्री उघडली, तरी ती फुंकतच होती.

ती फुंकर गेले तीन आठवडे माझ्या कानात आहे.

सल्ला दिला याचं मला काही वाटलेलं नाही. सल्ला देणं हा आमच्याकडचा गल्लीखेळ आहे. दहावीचा, म्हणजे एसएसएलसीचा निकाल लागला की कट्ट्यावरच्या प्रत्येकाला त्या पोराचं पुढचं आयुष्य दिसायला लागतं. ‘कुठली साइड घेतलीस?’ हा पहिला प्रश्न. आम्ही विषय निवडत नाही, साइड घेतो. सायन्स साइड, कॉमर्स साइड, आर्ट्स साइड. बेळगावात जन्मलेल्या माणसाला साइड घेण्याचं वेगळं शिक्षण लागत नाही म्हणा. मला टोचलं ते हे की त्या दुकानात जो आवाज माझ्या तोंडातून बाहेर पडला तो माझा नव्हताच. ‘मराठी कशाला?’ यातल्या ‘कशाला’वरचा तो विशिष्ट दाब मी ओळखत होतो. १९९१ साली तो मी आमच्या सोप्यात बसून ऐकला होता.

तेव्हा सेकंड पीयूसी, म्हणजे बारावी, झाली होती. कॉमर्सच घेतलं होतं, कारण सायन्सचे मार्क नव्हते आणि आर्ट्सला जाण्याची हिंमत नव्हती. खरं दोन वर्षांत माझ्या लक्षात राहिला तो मराठीचा तास. जेवणाच्या सुट्टीनंतरचा, वरच्या मजल्यावर, पत्र्याखालचा. बेळगावचा पाऊस पत्र्यावर सुरू झाला की सरांचा आवाज पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचायचा नाही. आरडाओरडा करण्याचा सरांचा स्वभाव नव्हता. ते वळून सगळी कविता फळ्यावर लिहून काढायचे, हात झटकायचे आणि खिडकीशी जाऊन उभे राहायचे. आम्ही साठ-सत्तर पोरं वर पत्रा बडवला जात असताना गप्प बसून फळा वाचायचो. कुणी अर्थ सांगत नव्हतं. मागच्या बाकावरून एखादा चणेफुटाण्याचा कागद चुरगाळल्याचा आवाज यायचा, तेवढाच. मी त्या कविता वहीत उतरवून घेत असे, खडूच्या धुळीनं अक्षर जिथं पुसट व्हायचं तिथं आपल्या मनानं शब्द घालून. नंतर पुस्तकात बघितल्यावर कळायचं की माझा शब्द चुकलाय. कधी कधी माझाच बरा वाटायचा. तर मला बीएला जायचं होतं, मराठी घेऊन.

आप्पा उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डर होते. संध्याकाळी घरी आले की न्हाणीतून काळं पाणी वाहायचं. बेंटोनाइट आणि कोळशाची पूड मिसळलेली ती वाळू कानाच्या पाळीमागून, नखांच्या कडेतून पुरती कधी निघायचीच नाही. त्यांच्याबरोबर एकदा कारखान्यात गेलो होतो. थंड झालेलं कास्टिंग त्यांनी दोरीनं जरा उचलून धरलं आणि लहान हातोडीनं टिचकी मारली. घंटेसारखा लांब आवाज आला. दुसऱ्याला मारली, तर ‘बद्द’. “आत चीर हाय,” म्हणाले आणि बाजूला टाकायला लावलं. वरून दोन्ही सारखीच दिसत होती. त्याच माणसानं माझा डिग्रीचा फॉर्म मात्र दोन बोटांच्या चिमटीत असा धरला, की आपल्या हाताचा डाग त्याला लागेल. ठोकून बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. म्हणून मग गल्लीतल्या क्लार्ककाकांना बोलावणं गेलं.

क्लार्ककाकांनी चहा बशीत ओतला, फुंकला (हो, तीही एक फुंकरच) आणि म्हणाले, “मराठी कशाला? इथं नोकरीला कन्नड लागतंय. तिकडं कोल्हापूर-पुण्याला गेलास तर ते म्हणणार, तू कर्नाटकातला. मधल्या मध्ये लोंबकळशील.” आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलेला प्रश्न मला अजून जसाच्या तसा आठवतो. “हिशेबाचं काम कुठल्याबी भाषेत चालतंय काय?” “चालतंय की,” काका म्हणाले, “आकडे ते आकडे.” झालं. धारवाडच्या विद्यापीठाचं बी.कॉम. माझ्या नावावर लागलं ते या एका वाक्यावर. (बेळगावचं चन्नम्मा विद्यापीठ तेव्हा कुठलं! ते २०१० चं. आमची मार्क्स कार्डं धारवाडहून यायची, कायम उशिरा.)

आता इथं मी रडगाणं लावावं अशी वाचणाऱ्याची अपेक्षा असेल, तर पंचाईत आहे. मला अकाउंट्स आवडलं. खोटं कशाला बोलू? ट्रायल बॅलन्स जुळला की पोटात जे गार वाटतं ते कवितेनं वाटतं त्यापेक्षा फार वेगळं नाही, किंवा मला तरी तो फरक आता करता येत नाही. आज मीही एका फौंड्रीतच हिशेब बघतो, काचेच्या आत, पंख्याखाली. वाळूचा वास दार उघडलं की येतो. घर झालं, आप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, बहिणीचं लग्न झालं, सगळं त्या आकड्यांवर. मात्र ‘आकडे ते आकडे’ हे काही खरं निघालं नाही. आकड्यांच्या वर-खाली जो मजकूर असतो, तो कुठल्या ना कुठल्या भाषेत असतो. कामगार खात्याची नोटीस, पंचायतीचं कराचं पत्र, विजेच्या बिलामागची बारीक छपाई, सगळं कन्नडमध्ये. मी ते अडखळत, अक्षर अक्षर लावून वाचतो. अजूनही.

आणि ज्याला ते वाचता येतं तो माझा वर्गमित्र आहे.

त्यानं त्याच वर्षी बीएला कन्नड घेतलं. मराठी शाळेत शिकलेला, मराठी घरातला पोरगा. त्याचं आजोळ बैलहोंगलकडचं. सुट्टीत तिकडं जायचा, त्यामुळं भाषा कानात होती, लिपी त्यानं हट्टानं गिरवली. आम्ही त्याची जी थट्टा केली ती आज लिहायला लाज वाटते. तो दिसला की ‘एन्री, बर्री’ म्हणत मागं लागायचं, त्याच्या वहीवर बाराखडी काढून ठेवायची. एकदा कुणीतरी त्याला ‘फितूर’ म्हटलं. कुणी म्हटलं ते मला माहीत आहे, मीच होतो. तो काही बोलला नाही, सायकलचं हँडल सरळ करत राहिला. आज तो तालुक्याच्या एका कचेरीत आहे आणि आमच्या गल्लीतल्या अर्ध्या लोकांचे उतारे, नोटिसा, वारसाचे कागद त्याच्या सोप्यात वाचले जातात. आप्पा गेल्यावर घर नावावर करताना आलेली नोटीस घेऊन मीही गेलो. त्यानं चष्मा लावला आणि कागदाकडं बघत थेट मराठीत सांगायला लागला, मध्ये जराही न थांबता, जणू कागदावर मराठीच छापलंय. शेवटी एका शब्दापाशी अडला. “याला आपल्यात काय म्हणतात रे? भोगवटा?” एवढंच मला विचारलं, मराठी मला जास्त येतं असं धरून. एक नोव्हेंबरला, कर्नाटकच्या राज्योत्सवाला, तो कचेरीच्या झेंड्याला जातो. मी वयाच्या चाळिशीपर्यंत त्याच दिवशी काळा शर्ट घालून मराठी लोकांच्या काळ्या दिनाच्या फेरीला जात होतो. दोन तारखेला आम्ही एकाच टपरीवर चहा घेतो आणि आदल्या दिवशीचं काही काढत नाही.

मराठी घेतलेलीही एक होती. आमच्याच गल्लीतली, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. पुढं कोल्हापूरला जाऊन एम.ए. केलं. तिला नोकरी लागली नाही. निदान तिच्या शिक्षणाला शोभेल अशी लागली नाही. लग्न झालं, मुलं झाली, शिकवण्या घेतल्या. क्लार्ककाकांना आपलं भाकीत खरं ठरल्याचं समाधान मिळालं असणार. हिवाळ्यात कडोलीला, येळ्ळूरला, उचगावला साहित्य संमेलनं होतात तेव्हा मात्र ती हमखास भेटते. सकाळी ग्रंथदिंडी असते. शेतातून भाताची कापणी झालेली, लेझीम, भगवे फेटे, पालखीत पुस्तकं, बायकांच्या डोक्यावर कलश. मग शाळेच्या पटांगणावरच्या मांडवात माणसं दुपारचं जेवण होईपर्यंत हलत नाहीत. कवितेला टाळ्या देतात, मराठीवर अन्याय झाला असं व्यासपीठावरून कुणी म्हटलं की आणखी देतात. मीही देतो. गेल्या वर्षी ती शेजारच्या खुर्चीवर होती. टाळ्या थांबल्यावर मांडवाकडं नजर फिरवून हळूच म्हणाली, “यातल्या कितीजणांनी पोरांना मराठी घ्यायला लावलं असेल रे?” मी हसलो. तीही हसली. माझी मुलगी काय शिकते ते तिला ठाऊक होतं.

मुलीचं सांगायचं तर ती गोष्ट वेगळीच हास्यास्पद आहे. तिला मेकॅनिकलला जायचं होतं. लहानपणी आजोबांबरोबर कारखान्याच्या गेटपर्यंत जायची, त्यांची हातोडी तिनं जपून ठेवली आहे. ज्या गावात घराघरात कुणी ना कुणी फौंड्रीत नाहीतर मशीन शॉपमध्ये आहे, जिथले पंपाचे आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग कुठकुठं जातात, त्या गावात कुणी मेकॅनिकलचं नाव काढलं की लोक ‘अरेरे’ म्हणतात. विश्वेश्वरय्या विद्यापीठ १९९८ पासून आमच्या उशाशी, मच्छ्याला. तिथून राज्यभरच्या इंजिनिअरांना डिग्र्या जातात. तरी सगळ्यांना हवं एकच, कॉम्प्युटर सायन्स. ज्याचा पगार लोखंड वितळून येतो असा मीसुद्धा तिला म्हणालो, “मेकॅनिकलला मुली कुठं असतात?” हे वाक्यही माझं नव्हतं. तिनं वाद घातला नाही. आता बेंगळुरूला असते. रात्री फोनवर बोलताना मागं तिच्या मैत्रिणी हिंदी-इंग्रजीत गप्पा मारत असतात आणि ती माझ्याशी जे मराठी बोलते त्यात आमचे बेळगावी ‘खरं’ आणि ‘की’ पूर्वीइतकेच येतात, हे मी मोजत असतो.

तिच्या ॲडमिशनच्या वेळी आम्ही दोन्हीकडचे दरवाजे ठोठावले होते, सगळेच ठोठावतात. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात आमच्या सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी वेगळी सोय आहे. अट अशी की मुलगा वादग्रस्त भागातला हवा आणि मातृभाषा मराठी हवी. दोन्हीचे दाखले जोडायचे. मी तो मातृभाषेचा दाखला हातात घेऊन शाळेच्या व्हरांड्यात उभा होतो तेव्हा मला पहिल्यांदा गंमत वाटली आणि मग वाटेनाशी झाली. जिचं बोलणं मी पाळण्यापासून ऐकतोय त्या मुलीची आईची भाषा कुठली, हे शिक्का मारून घ्यायचं! त्याच सुमारास कर्नाटकच्या सीईटीचं माहितीपुस्तक चाळत होतो. त्यात गडिनाडू कन्नडिगांसाठी कलम आहे, म्हणजे जत, अक्कलकोट, गडहिंग्लज अशा भागांतल्या कन्नड मुलांसाठी. त्यांनाही आपली भाषा सिद्ध करावी लागते, परीक्षा देऊन. तिकडं जतमध्ये माझ्यासारखाच एखादा बाप असाच कागद धरून उभा असेल, बायको मागून विचारत असेल, ‘मिळालं का?’ फक्त कन्नडमध्ये. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “आधी झेरॉक्स काढून आणा.”

अलीकडं तर विषय निवडायचं पोरांना आणखी अवघड झालंय. २०२१ मध्ये आमच्याकडं नवीन धोरण आलं, मेजर-मायनर, चार वर्षांची डिग्री. सगळ्या देशात आम्ही पहिले म्हणून कौतुक झालं. २०२४ मध्ये ते गुंडाळून परत तीन वर्षं. पाठीला पाठ लावून आलेल्या दोन भावंडांची डिग्री वेगवेगळ्या आकाराची. तेव्हा त्या दुकानातली ती मुलगी इतका वेळ पेन धरून उभी होती, त्यात नवल काही नव्हतं. नवल हे की तिनं तीन अक्षरं लिहिली होती. कुणी न सांगता, आईला न विचारता. एम, ए, आर. मला विचारलं ते परवानगी म्हणून असेल, सल्ला म्हणून नसेलही. तिचा आवाज आठवून बघतो तेव्हा कधी असं वाटतं, कधी तसं. आणि समजा मी ‘लिही की’ म्हटलं असतं, आणि आणखी पाच वर्षांनी ती कुठं शिकवण्या घेत बसली असती, तर? इकॉनॉमिक्स घेऊन तरी इथं कुणाला काय मिळालंय, तेही मला सांगता येणार नाही. मी ते सुचवलं, कारण तो शब्द कामाचा वाटतो. बस्स.

गेल्या आठवड्यात मुद्दाम त्या दुकानात गेलो. हातात पॅनकार्ड होतं, झेरॉक्सची गरज नव्हती. पाऊस उघडला होता, दुकान रिकामं. दुकानदार मशीनचं पोट उघडून आत अडकलेला कागद चिमट्यानं ओढत होता. मी सहज म्हणून विचारलं, त्या दिवशी आलेल्या, साडीच्या पिशवीवाल्या मायलेकी आठवतात काय?

“त्या होय? परत आल्या होत्या की दुसऱ्या दिवशी. नवीन फॉर्म घेऊन.”

“नवीन कशाला?”

“व्हाइटनर लावलेला चालत नाही म्हणाले कॉलेजात. इथंच उभी राहून भरली की सगळं परत.”

“मग काय लिहिलं तिसऱ्यात?”

त्यानं चिमट्यातला कागद बाहेर काढला, चोळामोळा करून टोपलीत टाकला आणि माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघितलं. “मी कशाला वाचू, सायेब? दोन कॉप्या काढल्या. चार रुपये.” मग माझ्या हाताकडं बघून म्हणाला, “तुमचं काय, एकच का दोन्ही बाजू?”